मांडवीच्या मुखापासून चोडणच्या मानशीपर्यंत

गोमंतकात येणारा पाहुणा मांडवी पाहतो ती बहुधा पणजीच्या पुलावरून. आमची वाचकांस विनंती अशी की, त्यांनी एकदा रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढून चोडण बेटावर उतरावे आणि ओहोटीच्या वेळी तेथील खारफुटीच्या कडेने सावकाश चालावे. 1988 साली झालेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य येथेच आहे. पक्षी पाहून झाले की नजर खाली चिखलाकडे वळवावी. मुळांच्या जाळीतून एखादी कुर्ली नांगे सावरीत बिळाकडे सरकताना दिसेल.

ही कुर्ली चिखलात वाढते, पण जन्मते मात्र दूर समुद्रात. अंडी घालण्याची वेळ आली की मादी खाडीचे घर सोडून खोल खाऱ्या पाण्याकडे निघते. पोटाखाली तिने लक्षावधी अंडी धरलेली असतात. प्रथम ती केशरी दिसतात, फुटावयाच्या सुमारास काळवंडतात. त्यांतून निघणारा डिंभ मिलिमीटरभर लांबीचा, काटेरी आणि डोळ्यांनीच भरलेला असा असतो. खेकड्याशी त्याचे साम्य इतके थोडे, की 1802 साली बोस्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशाच एका डिंभाला निराळा प्राणी समजून 'झोइया' हे नाव दिले. हा खेकड्याचाच बालावतार आहे, हे पुढे आयर्लंडातील कॉर्क येथल्या टॉम्सन नावाच्या लष्करी डॉक्टराने दाखविले. नाव मात्र टिकले.

या झोइयाला पाच अवस्थांतून जावे लागते. त्यास सुमारे तीन आठवडे लागतात आणि या काळात पाणी हेच त्याचे दैव. समुद्राच्या हजार भाग पाण्यात सुमारे पस्तीस भाग क्षार असतात. झोइयाला तीसच्या आसपास मानवते. वीसच्या खाली उतरले की मरण वाढू लागते. अंगातील द्रव खारा आणि बाहेरचे पाणी गोडसर, म्हणजे पाणी आत शिरू लागते, आणि ते बाहेर टाकण्याची प्रौढ कुर्लीची शक्ती या पोराजवळ नसते. उष्णतेचेही तसेच. अठ्ठावीस अंशांच्या आसपास वाढ झपाट्याने होते, थंडावले की कात टाकणे लांबते. पुष्कळ डिंभ तर जुन्या कातीत अडकूनच मरतात. उबवणी केंद्रात पाणी गाळून, क्षार मोजून सर्व बडदास्त ठेवली, तरी शेकडा दहा जगले तर ते यशच म्हणावयाचे!

आता आषाढातील मांडवी आठवावी. सह्याद्रीचा सारा लोंढा तिच्यातून उतरतो आणि पणजीजवळही वरचे पाणी जवळजवळ गोडे होते. गोडे पाणी हलके, म्हणून वर तरंगते. झोइयाही उजेडाच्या ओढीने वरच पोहणारा. आईने समुद्राचा रस्ता का धरला असेल, हे आता वेगळे सांगावयास नको.

पाचव्या कातीनंतर तो 'मेगालोपा' होतो, त्याला नांग्या फुटतात आणि कमी खारे पाणी सोसू लागते. मग तो, किंवा त्यातून झालेली इवलीशी कुर्ली, भरतीबरोबर खाडीत येते. येथे तिला खारफुटी हवी आणि मचूळ पाणी हवे. पूर्वजांनी खाजनांना घातलेले बांध आणि त्यांतील मानशी यांचे महत्त्व आम्हांस येथे विशेष वाटते. ओहोटीत मानशीची दारे उघडून पाणी बाहेर जाते, भरतीत ती आपोआप मिटतात. भातकापणीनंतर हवे तेवढे खारे पाणी आत घेता येते. बांध फुटला की शेत खारावते. उलट भराव टाकून खाजन बुजविले की लहान कुर्लीचे घरच जाते. मानशीवरील मासेमारीचा लिलाव बोलणाऱ्याला हे ठाऊक असते. जमिनीचा भाव बोलणाऱ्याला बहुधा नसते.

बाजारात गाभोळीची कुर्ली अधिक भावाने जाते. ज्या मादीच्या पोटाखाली बाहेर अंड्यांचा झुबका लोंबत असेल, ती तरी कोळणीकडून घेऊ नये, असे आमचे मत आहे. चवीला भरलेला नर काही कमी नसतो.

चोडणला जावयाचे तर मार्गशीर्षानंतर, पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला जावे. चिखल तेव्हा दूरवर उघडा पडतो. पायांत जुनी पादत्राणे असावीत.