आवाजाची लिपी

आमच्या निवासी शाळेच्या संगणक कक्षातील बहुतेक यंत्रे दानातून आलेली; वयाने जुनी आणि स्मृतीने तोकडी. इतिहास हा आमचा विषय असला तरी या कक्षाची जबाबदारी काही वर्षे आमच्याकडे होती. मुलांनी बाबासाहेबांची छायाचित्रे पुष्कळ पाहिली होती. त्यांचा आवाज मात्र बहुतेकांनी ऐकला नव्हता. 1955 साली बीबीसी नभोवाणीला त्यांनी दिलेली मुलाखत याच यंत्रांवर वाजावी, आणि ती वाजवणारी आज्ञावली मुलांनीच लिहावी, असा आमचा आग्रह होता.

मुले जावा शिकत होती. एकदा लिहिलेली आज्ञावली कोणत्याही यंत्रावर चालेल, हे 1995 साली जगापुढे आलेल्या या भाषेचे अभिवचन. ध्वनी व चलचित्रांसाठी तिला 'जावा मीडिया फ्रेमवर्क' या संचाची जोड मिळाली. त्यातील प्लेअर आज्ञा होताच वाजत नाही. आधी तो फाईलचे स्वरूप ओळखतो, मग आरंभीचा भाग स्मृतीत घेतो आणि नंतरच सुरू होतो. जुन्या यंत्रांवर या पायऱ्या इतक्या सावकाश घडत, की मुलांना त्या जणू डोळ्यांनी दिसत.

परंतु मुलाखतीची फाईल एमपीथ्री स्वरूपात होती. परवान्याच्या कारणाने 2002 साली त्या संचातून एमपीथ्री उलगडणारा भाग वगळला गेला; 2004 साली तो स्वतंत्र पुरवणी म्हणून परतला. आमच्या यंत्रांवर ती पुरवणी नव्हती. फाईल शाबूत होती, पण आवाज उमटत नव्हता.

मुले हिरमुसली, तेव्हा आम्ही त्यांना बोळिंजशेजारच्या सोपाऱ्याची गोष्ट सांगितली. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो वाचता आला, कारण 1837 साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली होती. तोच दगड पन्नास वर्षे आधी सापडता, तर अक्षरे असूनही मुकाच राहता. फाईलचे स्वरूप हीसुद्धा एक लिपीच होय.

मग आम्ही सोपी लिपी निवडली. जावाच्या 1.3 या आवृत्तीपासून ध्वनीची मूलभूत सोय भाषेतच आहे आणि वेव्ह फाईल तिला वाचता येते. मुलाखत त्या स्वरूपात उतरवली. सेकंदाला 22,050 नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइटांचा. म्हणजे सेकंदाला 44,100 बाइट आणि दहा मिनिटांना सुमारे 26 मेगाबाइट. हे गणित मुलांनी फळ्यावर मांडले. सगळी फाईल एकदम स्मृतीत घेतली असती, तर तोकड्या यंत्रावर भार पडला असता. म्हणून थोडा थोडा भाग वाचून पुढे सोडणारी आज्ञावली त्यांनी लिहिली. बाबासाहेबांचा स्वर उमटला, तेव्हा मागच्या बाकावरची मुले न सांगता पुढे येऊन उभी राहिली.

आज आपल्या वस्त्यांतील वृद्धांच्या आठवणी, आज्यांची गाणी मोबाइलवर साठवली जात आहेत. ज्यांचा इतिहास इतरांनी लिहिला नाही, त्यांच्यासाठी हे आवाजच दस्तऐवज आहेत. माजी विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: प्रत्येक ध्वनिमुद्रणाची एक प्रत साध्या, खुल्या स्वरूपात ठेवावी आणि सोबत कोण बोलत आहे, कधी, कोठे व फाईल कोणत्या स्वरूपाची आहे, हे कागदावर लिहून ठेवावे. पुढच्या पिढीला आपला प्रिन्सेप शोधत बसावे लागू नये.