आधी पान उलटा, मग पंप उचला

पऱ्हाटी लाल पडायला लागली की आमच्या विदर्भात पहिला प्रश्न येतो, ‘कोणतं औषध मारू?’ इतकी वर्षे कपाशी केल्यावर मला हा प्रश्न दुसरा वाटतो. पहिला, पान लाल कशाने झाले? तुडतुड्यांनी रस शोषला असेल तर कडा आधी पिवळ्या पडतात, मग लाल होतात आणि पान खाली मुरडते. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो, तोही जुन्या पानांपासून. खात्री करायला पान उलटावे. पाचरीच्या आकाराचा, फिकट हिरवा तुडतुडा बोट लागताच तिरपा पळतो. तो नसेल तर कीटकनाशकाचा खर्च पाण्यात; तिथे मॅग्नेशियम सल्फेटच कामाचे.

तुडतुडे दिसले तरी ते किती आहेत, हे महत्त्वाचे. एकरात वीसेक झाडे फिरून प्रत्येकाचे वरचे, मधले आणि खालचे पान तपासावे. सरासरी पानामागे 2 ते 3 तुडतुडे भरले तरच फवारणी परवडते. त्याखाली निंबोळी अर्क पुरतो, आणि सोबत येणारा मावा खायला ढालकिडे आणि क्रायसोपाच्या अळ्या असतातच. घाईच्या फवारणीत आधी हेच मित्र मरतात, आणि सुरुवातीलाच पायरेथ्रॉइड मारले तर पुढे पांढरी माशी उसळते. बियाण्याला इमिडाक्लोप्रिड लावलेले असताना तेच पुन्हा फवारणे म्हणजे किडीला त्या औषधाची सवय लावणे.

‘बीटी बियाणं आहे, मग कीड कशी?’ असे अनेकजण विचारतात. बीटीचे विष बोंडअळीसाठी; रस शोषणाऱ्या किडीला त्याने काही होत नाही. ‘मोजत बसलो तर पीक हातचं जाईल,’ हा आक्षेप जास्त वजनदार, कारण तुडतुडे ढगाळ, दमट हवेत झपाट्याने वाढतात. पण म्हणूनच दर आठवड्याला मोजायचे. बोंडात लपणाऱ्या अळीसारखे ते नाहीत, पानाखाली उघड्यावर बसतात. मजुरी वाढते हेही खरे, तरी एक फेरी नाहक फवारणीपेक्षा स्वस्तच. शिवाय 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. टाळता आलेली प्रत्येक फवारणी पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाचा धोका कमी करते, हा हिशेब औषधाच्या बिलात कधीच दिसत नाही.