वर्गणीची पावती

वर्तमानपत्र विचारांवर चालते, असे व्यासपीठावरून नेहमी सांगितले जाते. आम्ही पडलो कारकून, त्यात बी.कॉम. आमचे लक्ष आधी जमाखर्चाकडे जाते. कागद कोणी घेतला? छापखान्याचे बिल कोणी भरले? गुलामांच्या मुक्तीसाठी निघालेल्या वर्तमानपत्रांचा इतिहासही आम्ही खातेवही उलटावी तसाच वाचला. त्यातून जे दिसले ते पेण-रोह्याच्या समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेत १ जानेवारी १८३१ रोजी विल्यम लॉइड गॅरिसन यांनी बोस्टन शहरात ‘लिबरेटर’ हे साप्ताहिक काढले. गॅरिसन स्वतः गोरे. परंतु सुरुवातीचे बहुसंख्य वर्गणीदार होते गुलामीबाहेरचे स्वतंत्र कृष्णवर्णीय. पुढेही खप तीन हजारांच्या आसपासच राहिला. तरीसुद्धा त्याच वर्षी जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाने गॅरिसन यांना धरून आणणाऱ्यास ५,००० डॉलरचे बक्षीस लावले! गुलामांच्या मालकांना एवढ्याशा खपाचे एवढे भय! १८३५ साली चार्ल्स्टनच्या टपाल कचेरीतून गुलामगिरीविरोधी अंक काढून जमावाने भर रस्त्यात जाळले. १८३७ साली इलिनॉय राज्यातील आल्टन गावी संपादक इलायजा लव्हजॉय यांना छापखाना वाचवताना गोळी घालून ठार केले. त्यांची तीन यंत्रे त्याआधीच मोडली होती, ते चौथे होते.

ज्याला अक्षर शिकवणेही मालकांना खपत नव्हते, असा एक गुलाम म्हणजे फ्रेडरिक डग्लस. चोरून-लपून वाचायला शिकले, १८३८ साली पळाले आणि १८४७ साली स्वतःच संपादक झाले. पत्राचे नाव ‘नॉर्थ स्टार’, म्हणजे ध्रुवतारा. पळालेले गुलाम रात्री त्याच ताऱ्याकडे पाहत उत्तरेची वाट धरीत. गुलामाबद्दल दुसऱ्याने लिहिणे आणि गुलामाने स्वतः लिहिणे यात किती अंतर आहे, ते आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

ही चळवळ महात्मा फुल्यांना ठाऊक होती. म्हणूनच १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून त्यांनी ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधू’ काढले. त्यात लिहिणाऱ्यांत आपल्याच महाड तालुक्याचे, पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर होते.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, हेही खात्यावर मांडून ठेवावे. बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि पुढे ते पत्र बंद पडले.

नंतर २० मार्च १९२७ आला. चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर आपल्या माणसांवर लाठ्या-काठ्यांनी हल्ला झाला. त्यानंतर चौदाच दिवसांनी, ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक बाहेर पडला. महाडला काय घडले आणि का घडले, हे मार खाणाऱ्यांच्या बाजूने लिहिले गेले. डिसेंबरच्या सत्याग्रहाची हाकही याच पत्राने गावोगाव पोचवली. आणि हे सारे लिहीत कोण होते? एक एक अंकाचे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेब एकटे भरीत. पगारी संपादक ठेवायला पैसा नव्हता. वर्गणीदार अपुरे, वर्गणी वेळेवर येत नाही, ही तक्रार त्यांना त्याच अंकांतून करावी लागली. नोव्हेंबर १९२९ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ बंद पडले. विरोधकांनी ते जाळले नाही, छापखाना मोडला नाही. आम्हाला हे वाचताना दर वेळी बोचते.

आमची आजी रोह्याच्या बाजारात भाजी विकायची. तिला अक्षरओळख नव्हती. रविवारी वंदना झाली की विहारात कोणीतरी साप्ताहिक मोठ्याने वाची आणि ती पुढे बसून ऐके. वर्गणीचे पैसे मात्र ती पदराच्या गाठीतून स्वतः सोडून देई. पावती घेई आणि ती बाबासाहेबांच्या तसबिरीमागे खोचून ठेवी. तिच्या पश्चात तसबीर उतरवली तेव्हा अशा अकरा पावत्या निघाल्या.

आज आम्ही पावतीपुस्तक घेऊन पेणपासून नागोठणे, रोह्यापर्यंत फिरतो. दारात जयभीम होतो, चहा मिळतो. मग तरुण पोरे म्हणतात, “दादा, आता सगळं मोबाईलवर येतं. पेपर कशाला?” प्रश्न रास्त आहे. आमच्याही मोबाईलवर सकाळपासून शंभर जयभीम येतात. पण गेल्या साली जयंतीला कोणी काय भाषण केले, ते आज मोबाईलवर शोधून दाखवा म्हटले की पोरे हसतात. महाडची हकीकत आज वाचायला मिळते ती कोणीतरी छापली, कोणीतरी विकत घेतली आणि कोणीतरी जपली म्हणून.

आमच्या भागात एका वस्तीची स्मशानाकडे जाणारी वाट अडवली गेली होती. मोबाईलवर दोन दिवस संताप झाला, तिसऱ्या दिवशी क्रिकेट सुरू झाले. बारावीतल्या एका मुलीने मात्र वहीच्या पानावर सविस्तर लिहून दिले. केव्हापासून वाट होती, कोण कोण तिने नेले गेले, अर्ज कितीदा दिले. ते या साप्ताहिकात अर्ध्या रकान्यात आले. त्याची झेरॉक्स जोडून आम्ही पुन्हा अर्ज केला, तेव्हा मोजणीला माणूस आला. वाट अजून मोकळी झालेली नाही, निकाल बाकी आहे.

त्या वस्तीत पूर्वी दोन अंक जात. आता नऊ जातात. त्या मुलीच्या आईने वर्गणी दोन हप्त्यांत दिली. पहिला हप्ता जमा झाला, दुसरा वर्षावास संपल्यावर देणार आहे.