खोडरबराचं देणं

आमच्या पेडण्याच्या घरात फोनच्या आधी संगणक आला. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना 'सायबरएज' योजनेतून अकरावीच्या मुलांना संगणक मिळत, तसा माझ्या थोरल्या भावाला मिळाला होता. पुढे त्यावर विंडोज एक्सपी चढवली आणि तो रांगू लागला. एका पावसाळ्यात तर पडदा काळाच. आतून नुसती बीप. म्हापशातल्या एका दुकानात 'मदरबोर्ड गेला' म्हणून सांगितलं.

डिचोलीला मावशीच्या शेजारी एक काका होते, मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. कॅबिनेट मांडीवर घेऊन कदंबच्या बसने अस्नोड्यावरून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात दिला. "आधी पत्र्याला हात लाव, अंगातली वीज जाऊ दे." (पावसाळी दमट हवेत ती वीज फारशी साठत नाही, हे पुढे कळलं. सवय मात्र लागली ती लागलीच.) दोन्ही बाजूंचे खटके दाबून रॅमची पट्टी काढायला लावली. तिच्या सोनेरी टोकांवर दमटपणाचा थर चढला होता. काकांनी नातवाच्या कंपासपेटीतला खोडरबर पुढे केला. टोकं घासून पट्टी बसवली आणि संगणक सुरू झाला. मदरबोर्ड ठणठणीत होता.

राहिला रांगण्याचा प्रश्न. पट्टी 128 एमबीची, एसडीरॅम, 168 पिनांची. बाजारात तोवर 184 पिनांची डीडीआर आली होती, ती यात बसणारी नव्हे. काकांनी खणातून 256ची जुनी पट्टी काढली. खाणीच्या कचेरीतून मोडीत निघालेल्या संगणकातली, लाल धुळीसकट. "जोर करायचा नाही. खाचा जुळल्या तर आपसूक बसेल, नाही जुळल्या तर ती आपली नव्हेच." दोन्ही खटके वाजले. काळ्या पडद्यावर आकडे धावत 393216वर थांबले. म्हणजे 384 एमबी.

पैसे विचारले तर म्हणाले, "पेडण्यात कुणाचा बंद पडला तर इकडे पाठवू नको, तूच उघड." त्या जोरावर मी वाड्यावरचे बरेच संगणक उघडले आणि मजुरी कुणाकडूनच घेता आली नाही.

आता कित्येक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाग देऊन येते. गेल्या चतुर्थीला भाचीसोबत दुकानात गेलो तेव्हा मी किमतीच्याही आधी विचारलं, "रॅम वाढवता येते का?" ती वैतागली. ज्याची वाढवता येत होती तो जरा जाड होता. तोच घ्यायला लावला.