जळतं आणि कळतं

सही तर मुलाच्या आईने केली. वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याच्या शेवटच्या पानावर, मी बोट ठेवलं तिथे. "मना त्याचा सगला कलतं, पन सांगता नाय येत, बाय," एवढंच म्हणाली आणि सुपातला जवळा निवडायला लागली.

ज्याचं जळतं त्याला कळतं. मुरूडहून परतताना एसटीत ही म्हण काही केल्या डोक्यातून जाईना. त्याला कळतं, ठीक. पण सांगता येतं असं म्हण कुठे म्हणते? आणि ज्याचं जळत नाही त्याने काय करायचं? पाणी घेऊन धावायचं, की आधी आग कुठे लागलीय ते विचारायचं? शिवाय धूरही सगळ्यात जास्त त्याच्याच डोळ्यांत जाणार. मग नेमकं किती दिसत असेल त्याला?

दोन वर्षांची पदविका झाली, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदलं, की आम्ही विशेष शिक्षक. आता नव्या मुलींना मीच शिकवते: पालकांना विश्वासात घ्या, घरचं विचारा. काय विचारा, याची यादीसुद्धा देते.

रेवदंड्याच्या पुलाआधी कोर्लई लागलं. पोर्तुगीज 1740 मध्ये इथून गेले, पण ख्रिस्ती वस्तीतल्या घरांत पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली अजून आहे. बोलणारे तिला 'नो लिंग' म्हणतात, आपली भाषा. तिथलं एखादं मूल घरच्या भाषेत दहा शब्द बोलत असेल आणि आमच्या तक्त्यात फक्त मराठी शब्द मोजले, तर रकान्यात शून्य पडेल. ते दहा शब्द आईकडेच राहतील. अलिबाग येईपर्यंत मी त्या शून्याचाच विचार करत होते. नव्या मुलींना हेच सांगायचं, असं ठरवूनही टाकलं होतं.

पण मुरूडच्या त्या बाईची भाषा मला परकी कुठे होती? माझी आजी अशीच 'मना' म्हणायची. शब्द सगळे समजले. तरी 'सांगता नाय येत' यावर मी काय केलं, तर पेन पुढे केलं.

गुरुवारी बारा जणींचा वर्ग आहे. विषय, 'पालकांशी संवाद'.

सहीच्या थोडं आधी मुलगा पडवीतल्या चुलीकडे सरकला होता. तिने सुपावरची नजर न काढता पाय आडवा घातला. तो पायाला टेकला आणि परत फिरला. तिची तर त्याच्याकडे पाठ होती. मी समोर बसून त्याच्याचकडे बघत होते, आणि माझ्या ते नंतर लक्षात आलं.