मुदतीची मिती

आषाढी वारीची गर्दी ओसरली की आम्ही पंढरपूरचे व्यापारी यात्रेचा हिशेब मांडतो. यंदा तो मांडताना मनात दुसराच हिशेब चालला होता. माझ्या पुतणीची चेन्नईच्या सैन्य अधिकारी प्रशिक्षण संस्थेत निवड झाली होती आणि वडीलबंधूंनी मला विचारले होते, ''नीट मोजून सांग, पोर घरी कधी परतेल?''

मुदतीचे व्यवहार करण्यात माझे आयुष्य गेले. मी सहज म्हणालो, ''सेवा १० वर्षांची. पहिले वर्ष प्रशिक्षणातच जाईल. राहिली ९.''

पुतणी हसली. ''काका, तुमची मिती चुकली.''

तिचे म्हणणे खरे होते. अल्पसेवा कमिशनची १० वर्षे खांद्यावर तारे चढतात त्या दिवसापासून मोजतात. प्रशिक्षणाचे ४९ आठवडे त्यांत धरीत नाहीत. पुढे पात्रता व इच्छा असल्यास आणखी ४ वर्षे मिळतात. प्रशिक्षण स्वेच्छेने अर्धवट सोडले, अथवा त्या काळात विवाह केला, तर झालेला खर्च सरकारला परत करावा लागतो. निवृत्तिवेतनास मात्र २० वर्षांची सेवा लागते. १४ वर्षांनी परतणाऱ्या अधिकाऱ्यास ते मिळत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर स्त्री अधिकाऱ्यांनाही कायम कमिशनचा मार्ग खुला झाला. तो तिने स्वीकारला, तर परतीची मिती थेट निवृत्तीच्या वयावर जाते.

बंधू बराच वेळ स्तब्ध होते. मग म्हणाले, ''पण आपण अहिंसेचे उपासक!''

ही शंका माझ्याही मनात होती. परंतु आपल्या आचार्यांनी गृहस्थाला संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग सांगितला. रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा त्यांनी वेगळी मानली. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती उभारणारे चामुंडराय गंग राजांचे सेनापतीच होते.

त्या रात्री मला हिशेबाचे मर्म उमगले. काळाची मर्यादा घालून घेतलेल्या व्रताला आपण नियम म्हणतो, आमरण व्रताला यम. नियम मोजला जातो तो घेतल्या क्षणापासून. त्याआधीची मनाची तयारी कितीही कठीण असो, ती त्यात धरीत नाहीत. सैन्याची मितीही तशीच आहे. खर्चाची रक्कम फेडता येते. घेतलेला नियम मात्र पाळूनच पुरा होतो.

सकाळी बंधूंना मी एवढेच म्हणालो, ''चातुर्मासात घरातील मुलीने आठ उपवास धरले, तर आपण तिला पारणे कधी म्हणून विचारतो का? तिची साता विचारतो.''

ते काही बोलले नाहीत. तिला निरोप देताना मात्र त्यांनी परतण्याचा दिवस विचारला नाही. तिच्या मस्तकावर हात ठेवून ते म्हणाले, ''सांभाळून राहा, बेटा. घरची चिंता करू नकोस.''