देवगिरीचा कातळ आणि मिठाची पोती

खारदांड्याच्या कोळीवाड्यात आमचे घर. मुंबईच्या खार स्टेशनावरून पश्चिमेला समुद्राकडे चालत गेले की होड्या, जाळी आणि वाळत घातलेले बोंबील दिसू लागतात, तेच आमचे गाव. शेती आमच्याकडे नाही, आमचे शेत म्हणजे दर्या. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढल्या की सुक्या आणि खारवलेल्या मासळीवर घर चालते. त्यामुळे घरात दुसरे काही कमी पडले तरी चालेल, पण मीठ कमी पडता कामा नये, ही आमच्या आत्याची शिस्त. असल्या मिठातल्या माणसाने मराठवाड्यातल्या किल्ल्याविषयी का लिहावे, ते पुढे कळेलच.

आत्याला घृष्णेश्वराचे दर्शन घ्यायचे होते. रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस धरून आम्ही सकाळी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला उतरलो आणि वेरूळची एस. टी. पकडली. पंधराएक किलोमीटर गेल्यावर रस्ता जुन्या तटाच्या वेशीतून आत शिरतो, आणि समोर तो डोंगर उभा राहतो. आत्या खिडकीतून बघून म्हणाली, "ह्यो तर आपल्या अंधेरीचा डोंगर दिसतोय रं!"

तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. अंधेरीला गावदेवीचा डोंगर आहे, गिल्बर्ट हिल म्हणतात तो. दोनशे फूट उभा काळा खडक. फरक इतकाच, की तो निसर्गाने तसा केला आणि देवगिरी माणसाने केला.

ज्या वाचकांनी विहीर खणली आहे त्यांना हे लवकर समजेल. वरची माती गेली, मुरूम गेला आणि खाली काळा पाषाण लागला की पहारीचे टोक बोथट होते आणि घरधन्याचा जीव खाली-वर होतो. सुरुंगाची दारू असूनही एकेक हात खाली जायला दिवस मोडतात. इथे मात्र सहाशे फूट उंचीच्या टेकडीचा खालचा दीडशे फुटांहून अधिक भाग सभोवार तासून भिंतीसारखा सरळ केलेला आहे. घोरपड चढवावी म्हटले तरी नखाला जागा नाही. पायथ्याशी त्याच खडकात खोल खंदक खोदलेला. छिन्नी, हातोडा आणि माणसाचे हात, एवढ्यावर हे काम झाले. किती पाथरवटांचे आयुष्य यात गेले असेल! त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

यादवांच्या पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी थाटली. पुढे जो आला त्याने काही ना काही भर घातली. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी इथे आणून गावाला दौलताबाद नाव दिले. बहामनींनी पंधराव्या शतकात चांदमिनार उभारला, तो आजही दुरून दिसतो. बाहेरून आत जाताना अंबरकोट, महाकोट आणि काळाकोट असे तट ओलांडावे लागतात. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात इथे आला होता. किल्ल्यावर चढायला कातड्याची शिडी असते, ती रात्री वर ओढून घेतात, असे त्याने लिहिले. इथल्या तळघरातल्या तुरुंगात मांजराहून मोठे उंदीर असल्याचेही लिहिले आहे. आत्याला हे सांगितले, तर तिने पदर सावरून पाय आधी वर घेतले.

खंदक ओलांडला की अंधारी लागते. डोंगराच्या पोटातून कोरलेला हा वळणावळणाचा चढता बोगदा. गडावर जायची जुनी वाट हीच. आत डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही, वर वटवाघळांचा चीत्कार आणि वास. मधेच एक उजेडाची जागा दिसते. शत्रू उजेड पाहून तिकडे धावला की थेट खंदकात, असे वाटाडे सांगतात. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण टाकून त्यावर जाळ करायचा, म्हणजे बोगद्यात धूर कोंडायचा, अशीही सोय होती. आत्या तोंडाशीच बसली. "तू जा, मी हितं हाय." मी एकटा वर गेलो. गणपतीचे देऊळ, मोगलांची बारादरी, शिखराजवळ तोफ. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी या गडाचे किल्लेदार होते. त्यांचे स्थान इथे आहे, तिथे बरेच वारकरी भेटले.

पाण्याचीही तोशीस नव्हती. खाली हत्ती हौद आहे, आमच्या कोळीवाड्यातल्या सगळ्या होड्या मावाव्यात एवढा. डोंगरातून खापरी नळांनी पाणी आणलेले. कडा असा, खंदक असा, पाणी असे. मग हा गड पडला कसा?

१२९६ साल. त्याच वर्षी ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. गादीवर रामदेवराव यादव. अल्लाउद्दीन खिलजी, जो तेव्हा सुलतानही नव्हता, काही हजार स्वार घेऊन अचानक चालून आला. युवराज शंकरदेव सैन्यासह बाहेर होता. राजा घाईने गडावर चढला. फरिश्ता नावाच्या इतिहासकाराने तीनशे वर्षांनी लिहून ठेवले आहे, की कोकणातून आलेले व्यापारी घाबरून पळाले आणि त्यांची पोती मागे राहिली. धान्य समजून ती गडावर चढवली. शंकरदेव परत आला, लढला, लढाई जिंकत आलीही होती, पण मागून आणखी मोठी फौज येत असल्याची हूल उठली आणि मराठी सैन्य फुटले. तरी गड हाती होता. तेव्हा पोती उघडली, तर आत मीठ!

तह झाला. सोने, मोती आणि अचलपूर प्रांताचा वसूल देऊन राजाने सुटका करून घेतली. कडा तसाच होता, एक चिराही ढळला नव्हता.

खाली उतरून हे आत्याला सांगितले. तिच्याशेजारी जालन्याकडचे एक शेतकरी कुटुंब भाकरी सोडून बसले होते आणि तिची त्यांच्याशी गट्टीही जमली होती. आत्या थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "कोकनातलं मीठ? म्हंजे आपल्याकडचंच काय रं?" जणू पोते तिनेच बांधून दिले होते! त्या घरातले म्हातारे बाबा हसले. म्हणाले, "तुमचा काय दोष, ताई. आमचा अडत्या पोत्यात सळई घालून दाणा बघितल्याबिगर बोली लावत नाही. राजाकडं एवढी माणसं, एकानंबी पोत्यात हात घातला नाही?"

मला त्यांचे म्हणणे पटले, पण अर्धेच. शत्रू दारात असताना पोती ओढणाऱ्या हमालांना सवड कुठली? खरा प्रश्न आधीचा आहे. एवढ्या श्रीमंत राजाच्या कोठारात, सुगीच्या दिवसांत, दाणा का नव्हता? सोने तर खंडीने निघाले.

आणि हे पुन्हा एकदा घडले. १६३३ साली मोगल सरदार महाबतखानाने निजामशाहीच्या या गडाला वेढा घातला. सुरुंग लावून त्याने बाहेरचे चिरेबंदी तट उडवले. विजापूरच्या फौजेने आणि शहाजीराजांनी आत रसद पोचवायची खटपट केली, ती फसली. आत उपासमार आणि रोगराई. मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने अखेर किल्ला खाली करून दिला. याच गडावर चार वर्षे आधी, १६२९ साली, जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव आणि त्यांचे मुलगे दरबारात दगा करून मारले गेले होते. ज्यांच्या तलवारी कामी आल्या असत्या त्यांनाच घालवून बसल्यावर नुसता कडा काय करणार?

कुणाला जायचे असेल तर थंडीत जावे. सोबत पाणी आणि बॅटरी घ्यावी, साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत असे सांगतात. वेरूळ तिथून पुढे पंधराएक किलोमीटर. म्हाताऱ्या माणसांना अंधारीच्या पुढे नेण्याचा हट्ट करू नये.

आम्ही निघालो तेव्हा त्या बाबांच्या सुनेने आत्याच्या पिशवीत चार ज्वारीच्या भाकरी घातल्या. आत्याने पिशवीतून सुक्या जवळ्याची पुडी काढून तिच्या हातात दिली, आणि एस. टी. दिसल्यावर वळून ओरडली, "मीठ नाय हां त्यात, उघडून बघ!"